उल्फारच्या टाकीची टोपी

केतिलच्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलेलं नव्हतं आणि त्याची सोल्रून केस कापायचं दुकान चालवायची. त्याच्या दुखण्याचं मूळ इथंच होतं. दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. एक खुर्ची, एक आरसा आणि खिडकीत कुंडीतलं एक चिवट झाड. गावातल्या झाडून सगळ्या डोक्यांवरून तिचा हात फिरायचा. पाद्र्याच्या, शाळामास्तरच्या, मासे भरायच्या कारखान्यातल्या पोरापोरींच्या. घरातलं डोकं तेवढं कोरडं राहायचं.

आणि सगळ्यांत जास्त हात फिरायचा तो उल्फारच्या डोक्यावरून.

उल्फार ट्रक चालवायचा. धक्क्यावर उतरलेला मासा बर्फात भरून घाटावरच्या माळापलीकडे विमानतळाच्या गावी न्यायचा आणि येताना गावाचं पीठमीठ, टायर, टपाल घेऊन यायचा. पन्नाशीला आलेला गडी, पण केस असे की मेंढीनं खाली मान घालावी. माणूस महिन्याकाठी एकदा केस कापतो. उल्फारचे दर पंधरवड्याला वाढायचे.

"त्याच्या मुळांना खत घालतेस की काय?" केतिलनं एकदा विचारलं होतं.

"जमीन सुपीक असली की उगवतं," सोल्रून म्हणाली. कॉफी ओतताना तिनं त्याच्या टकलाकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

आमची खाडी आइसलंडच्या पश्चिम टोकाला आहे. इथं गावात यायला एक रस्ता आणि गावाबाहेर जायलाही तोच. त्यामुळे कुणाचं कुणावर मन आहे, हे त्या दोघांच्या आधी गावाला कळतं. केतिल आणि सोल्रूनचा साखरपुडा होऊन सतरा वर्षं झाली होती. त्यात वावगं काही नाही. आमच्याकडे लग्नाची घाई कुणाला नसते. पोरं मोठी होतात, शिकायला राजधानीत जातात आणि मग एखाद्या मोकळ्या शनिवारी आईबाप लग्न उरकून घेतात. केतिलला अजून तसा मोकळा शनिवार सापडला नव्हता, इतकंच. त्याची अंगठी त्याच्या गाडीदुरुस्तीच्या गॅरेजातल्या खिळ्याला टांगलेली असायची. इंजिनात हात घालणाऱ्यानं बोटात अंगठी ठेवू नये, हे खरंच आहे. पण रविवारीही ती खिळ्यालाच असायची, हे सोल्रूनला दिसत होतं.

गेल्या शरद ऋतूत सोल्रूननं सुया काढल्या. संध्याकाळी रेडिओ लावून ती विणत बसायची. राखाडी, पांढरी आणि समुद्रासारखी निळी लोकर, कडेला लाटांची नक्षी. केतिल समोरच्या खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसायचा आणि वर्तमानपत्राच्या वरच्या कडेवरून बघायचा. गोल होत चाललेली वस्तू. मोज्यापेक्षा मोठी, स्वेटरपेक्षा लहान. त्यानं मनातल्या मनात माप घेतलं. बरोबर एका डोक्याएवढी. आणि ज्या डोक्याला टोपीची गरज आहे असं घरात एकच डोकं होतं.

विचारलं तर गंमत जाते. साखरपुड्यानंतर दुसऱ्याच वर्षी तिनं त्याला स्वेटर विणून दिला होता. तो इतका आवडला की तेल लागेल म्हणून त्यानं तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवला. तो तिथंच होता. टोपी मात्र घालायची, असं त्यानं ठरवून टाकलं. पेट्रोलपंपावर फुकट मिळालेली जाहिरातीची टोपी त्यानं चूल पेटवायला बाजूलाही काढली.

एक दिवस टोपी विणून झाली आणि घरातून गेली. दोन दिवसांनी उल्फारचा ट्रक गॅरेजसमोरून गेला, तेव्हा केतिलनं ती पाहिली. डिझेलच्या टाकीच्या झाकणावर बसवली होती. राखाडी, पांढरी, निळी. लाटांची नक्षी.

त्या दिवशी केतिलनं एका गाडीच्या चाकाचे नट इतके आवळले की पुढे ते सोडवायला दोन माणसं लागली.

*

गोष्ट साधी होती असं म्हणतात. समुद्राकाठच्या रस्त्यावर मिठाचा चिखल उडतो. तो झाकणाच्या कुलपात जातो, गोठतो आणि किल्ली फिरत नाही. उल्फार खुर्चीत बसून ही रड सांगत होता, सोल्रून कात्री चालवत होती. तो म्हणाला, "त्या झाकणाला एखादी टोपी विणून दे ना." तिनं दिली. त्या दिवसापासून उल्फार डिझेल भरताना टोपी काढून खिशात ठेवायचा, झाकण लावलं की पुन्हा वरून नीट ओढून बसवायचा. लहान बाळाला टोपडं घालावं तसं.

केतिलला हे सगळं बाल्द्विननं सांगितलं. बाल्द्विन म्हणजे होडीवरून निवृत्त झालेला तांडेल. आता पोहायच्या तलावाशेजारच्या गरम पाण्याच्या कुंडात सकाळी गळ्यापर्यंत बुडून तो गावाचं सुकाणू धरायचा. कुंडात सगळे सारखेच उघडे असतात, म्हणून तिथं कुणी कुणाची भीड धरत नाही.

"चांगली टोपी आहे हं," बाल्द्विन म्हणाला. "टाकीला सर्दी होणार नाही."

"मला काय त्याचं," केतिल म्हणाला.

"तुला काय. तुझं डोकं धातूचं थोडंच आहे."

कुंडातले बाकीचे वाफेकडे बघत राहिले. केतिल हनुवटीपर्यंत पाण्यात गेला. कान बाहेर राहिले आणि तेच लाल झाले होते.

नाताळनंतर कडाका पडला आणि उल्फारचा ट्रक बंद पडायला लागला.

तोही सरळ बंद पडेना. धक्क्यावर सुरू व्हायचा, गावातून डौलात जायचा, समुद्राकाठानं विनातक्रार पळायचा. घाट लागला, उल्फारनं एक्सिलेटर दाबला की इंजिनला धाप लागायची. आणखी दाबला की आचके देऊन मान टाकायचं. थोडा वेळ थांबलं की पुन्हा जणू काहीच झालं नाही असं सुरू. पुन्हा चढ, पुन्हा दाब, पुन्हा आचके. एक्सिलेटर हलकाच धरला तर रांगत रांगत वर जायचा. मासा भरलेला ट्रक घाटात रांगणं म्हणजे मागून वारा, पुढून वारा आणि खाली खाडी.

ट्रक केतिलकडे आला. गावात दुसरं गॅरेज नव्हतं. जिथं इंजिनाला वायर जोडून पडद्यावर आकडे वाचतात, ते मोठं वर्कशॉप माळापलीकडे होतं.

"दाबलं की मरतो," उल्फार म्हणाला.

"डिझेल पोचत नाही," केतिल म्हणाला. हे त्यानं ट्रक आत येण्याआधीच ओळखलं होतं. निवांत चालताना इंजिन घोट घोट पितं, चढाला ते घटाघटा मागतं. मागतं तेव्हा मिळत नसेल तर वाटेत कुठंतरी अडलंय. "नाताळपासून काय बदललं?"

"काही नाही."

"काहीतरी बदललं असेल. डिझेल दुसरीकडून भरलंस? फिल्टर?"

"काहीच नाही म्हटलं ना." उल्फारनं केसांतून हात फिरवला.

केतिल कामाला लागला. प्रथम टाकी बघायची. टाकी बघायची तर झाकण उघडायचं आणि झाकण उघडायचं तर टोपी काढायची. ती ओलीचिंब झाली होती. त्यानं ती दोन बोटांच्या चिमटीत, मेलेला उंदीर धरावा तशी धरली, तोंड फिरवलं आणि भिंतीलगतच्या गरम पाइपावर वाळत टाकली. कुणी म्हणायला नको की सोल्रूनच्या हातची वस्तू केतिलनं खराब केली. दिवसभर त्यानं त्या भिंतीकडे पाठ केली होती.

डिझेलचे फिल्टर बदलले. टाकीच्या तळातलं पाणी काढलं. पाइप एकेक करून चाचपले, कुठं हवा धरत असेल म्हणून मध्ये पारदर्शक नळीचा तुकडा जोडला आणि बुडबुडे दिसतात का बघत बसला. एकही दिसला नाही. पंप सोडवला, धुतला, बसवला. मग ट्रक घेऊन स्वतः घाटात गेला आणि पाय फळीला टेकेपर्यंत एक्सिलेटर दाबला. ट्रक बोकडासारखा उड्या मारत वर गेला.

टोपी पाइपावरच होती. ती न्यायची त्याला इच्छा झाली नाही, हे सांगायला नकोच.

"झाला," त्यानं उल्फारला किल्ली दिली. उल्फारनं पाइपावरची टोपी घेतली, दोन्ही हातांनी ताणून झाकणावर ओढली, कड सारखी केली आणि गेला. दुसऱ्या दिवशी घाटात बंद.

असं एकदा नाही, तीनदा झालं. केतिलच्या हातात ट्रक पळायचा आणि उल्फारच्या हातात मरायचा.

"ट्रकमध्ये खोट नाही," शेवटी केतिल कुंडात म्हणाला. "चालवणाऱ्याच्या पायात आहे. नुसते केस असून भागत नाही."

"खरंय," बाल्द्विन म्हणाला. "पण गाव दुसरंच म्हणतंय."

"काय म्हणतंय?"

"की ट्रकला नेमकं कळतं, कुणाचा आपल्यावर राग आहे. तू चालवलास की घाबरून पळतो." तो थोडं पाणी सरकवून जवळ आला. "काही लोक असंही म्हणतात की तुझ्या गॅरेजात जाऊन आला की तो जास्तच बिघडतो. मी नाही म्हणत. मी फक्त ऐकतो."

पुढच्या आठवड्यात माळावर वादळ उठलं. उल्फार चढाच्या मधोमध बंद पडला आणि बचाव पथकाला चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणारी बर्फातली गाडी घेऊन त्याला आणायला जावं लागलं. बाहेर आला तेव्हा दाढीला बर्फ होतं आणि ओठ निळे पडले होते. टोपीतल्या लोकरीएवढे निळे.

त्या संध्याकाळी केतिल काळे हात घेऊन घरी आला. गॅरेजातला गरम पाण्याचा नळ डिसेंबरपासून तुटलेला होता. मेकॅनिकचा स्वतःचा नळ, तो दुरुस्त होईल अशी कुणाची अपेक्षाही नसते. रोज घरी येऊन तो स्वयंपाकघरातच हात धुवायचा आणि रोज सोल्रून त्यावर बोलायची. आज बोलली नाही. टेबलावर उकडलेला मासा आणि बटाटे होते, काळा पाव होता. तिनं लोणी त्याच्याकडे सरकवलं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तू मुद्दाम तर नाहीस ना करत?"

केतिलचा चमचा थांबला.

"लोक म्हणतात," ती म्हणाली. "मी म्हटलं, केतिल घुम्या आहे, हट्टी आहे, कंजूषही आहे. पण असं नाही करणार. मग आज त्याचे ओठ बघितले आणि मला वाटलं, विचारून तरी घ्यावं."

"त्याचे ओठ बघितलेस," केतिल म्हणाला.

"तू नाही बघितलेस? अख्ख्या धक्क्यानं बघितले." तिनं पाव तोडला. "उद्या त्याच्याबरोबर ट्रकमध्ये बस. शेजारी. तो चालवेल, तू बघ. पत्ता लाव. नाही लागला तर तो ट्रक माळापलीकडच्या वर्कशॉपात नेईल आणि मग गाव काय म्हणेल ते मला खुर्चीमागे उभं राहून दिवसभर ऐकावं लागेल. आणि मलाही कळणार नाही, खरं काय ते."

त्या शेवटच्या वाक्यानं केतिलची भूक गेली. ट्रक गेला तरी चाललं असतं. गाव काय, गाव आहे. पण सतरा वर्षं एका टेबलाशी जेवून तिला खरं काय ते कळणार नसेल, तर मग काय उरलं?

*

सकाळी उजाडायला आमच्याकडे जानेवारीत अकरा वाजतात. निळसर उजेड आला तसे दोघे निघाले. उल्फारनं धक्क्यावर डिझेल भरलं, टोपी ओढून बसवली, कड सारखी केली. केतिलनं समोरच्या काचेतून समुद्राकडे बघितलं.

केबिनमध्ये सुगंधी साबणाचा वास होता. डॅशबोर्डावर कंगवा होता.

"कंगवा लागतो?" केतिल म्हणाला.

"लागतो," उल्फार म्हणाला. त्यात बढाई नव्हती. ते जास्त लागलं.

समुद्राकाठी लाटांचे शिंतोडे आणि मिठाचा चिखल उडत होता. ट्रक गुण्यागोविंदानं चालला होता. उल्फारनं डब्यातून पीळ देऊन तळलेले गोड क्लाइनूर काढले आणि पुढे केले. केतिलनं एक घेतला आणि चावताक्षणी ओळखला. वेलदोडा जरा जास्त. सोल्रूनच्या हातचा.

"चांगले आहेत ना?" उल्फार म्हणाला.

"घरी रोजच खातो," केतिल म्हणाला. शेवटचे कधी खाल्ले ते त्याला आठवेना.

घाट लागला. गाडीतल्या काट्यानं गारठा दाखवला, काचेच्या कडांना बर्फाचे काटे धरले. उल्फारनं गिअर टाकला आणि पाय दाबला. इंजिननं आधी जोर केला, मग धाप लागली, मग दोन आचके दिले आणि संपलं. ट्रक ब्रेकवर उभा राहिला. वारा पडलेला होता. इतकी शांतता होती की दोघांचे श्वास ऐकू येत होते.

आणि तिसराही कुणाचा तरी.

केतिलनं मान वाकडी केली. बारीक, लांबलचक शीळ. म्हाताऱ्यानं बंद चिलीम ओढत बसावी तशी. त्यानं दार उघडलं आणि खाली उतरला. शीळ मागून येत होती. चाकापाशी गेला, मोठी झाली. टाकीपाशी गेला, आणखी मोठी झाली. त्यानं कान लावला.

टोपी शीळ घालत होती.

त्यानं हात लावला. लोकर कुठली, दगड. भिजलेली, चिखल प्यायलेली, गोठून लोखंडी वाटीसारखी झाकणावर आणि टाकीच्या गळ्यावर घट्ट बसलेली. टाकीतून डिझेल गेलं की तेवढी हवा आत यावी लागते. ती यायची वाट झाकणाच्याच कडेनं असते, त्या बारीक छिद्रातून. वाट बंद. इंजिन घोट घोट पितंय तोवर कुठून तरी चोरटी हवा पुरत होती. घटाघटा मागितलं की टाकीतच पोकळी व्हायची आणि डिझेल उलटं धरून ठेवलं जायचं. थांबलं की हळूहळू हवा मुरायची आणि ट्रक पुन्हा शहाणा.

केतिलनं मुठीनं टोपी ठोकली. एकदा, दोनदा. तिसऱ्या ठोशाला जरा जास्तच मन होतं. बर्फ तडकलं, टोपी निघाली, त्यानं किल्ली फिरवून झाकण सैल केलं आणि टाकीनं असा सुस्कारा सोडला की सगळ्या घाटाला ऐकू जावा. आत दबलेला पत्रा डबकन बाहेर आला.

केतिलला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. टोपी. शेवटी टोपीच. गॅरेजातल्या त्या भिंतीकडे एकदा जरी तोंड केलं असतं तर महिन्यापूर्वीच कळलं असतं. आणि लगेच त्याच्या मनात शंका आली. ही खोट त्याला सापडली होती, की ती सापडावी अशी त्याची इच्छा होती? गावही हेच विचारणार.

म्हणून त्यानं रीतसर केलं. टोपीशिवाय ट्रक वर चढवायला लावला. भरधाव गेला. मागे आणवला, टोपी बसवली, तिच्यावर थर्मासमधलं पाणी ओतलं आणि ती गोठेपर्यंत पाय आपटत उभा राहिला. पुन्हा चढाला लावला. मेला. टोपी काढली. पळाला. उल्फार खाली उतरून हे सगळं बघत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता.

"शरद ऋतूत ही झाकणावर होतीच," केतिल म्हणाला. "तेव्हा थंडी पडली, पाऊस पडला, काही झालं नाही."

"हो ना. मग टोपी नसेल."

"तेव्हा हवा जात होती. तेव्हा ही सैल होती." केतिलनं टोपी तळहातावर ठेवली. तिच्यात आता जेमतेम मूठ गेली असती. टाके दिसत नव्हते, लाटा एकमेकींत मिसळल्या होत्या, लोकर दाबून केलेल्या घोंगडीसारखी झाली होती. "ही एका डोक्याएवढी होती."

"तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे," केतिल म्हणाला. टाका अन् टाका त्यानं वर्तमानपत्रावरून बघितला होता. जगात दुसऱ्या कुणाला इतकं नेमकं माप माहीत नसेल. विणणारीलाही नसेल. "काय केलंस हिचं?"

उल्फारनं खाडीकडे बघितलं. मग बुटांकडे.

"नाताळात धुतली," तो म्हणाला. "डिझेलचा वास येत होता. म्हटलं, तिनं इतकी छान केलीय. स्वच्छ असावी."

"कशात?"

"गरम पाण्यात."

"किती गरम?"

"नळातून येतं तितकं," उल्फार पुटपुटला.

आमच्या नळाला जमिनीखालून येणारं पाणी असतं. त्यात अंडं शिजेल. आणि हातविणीची लोकर गरम पाण्यात घालणारा माणूस आमच्याकडे कसा समजला जातो, हे सांगणं अवघड आहे. चोराला माफी आहे. चोराला निदान वस्तूची किंमत कळलेली असते.

"केतिल," उल्फार म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "पंप गेला होता म्हण. फिल्टर म्हण. काहीही म्हण. सोल्रूनला नको सांगूस. ती मला खुर्चीत बसू देणार नाही."

केतिलनं त्याच्याकडे बघितलं. कित्येक महिने पोटात जळत होतं, त्याच्यावर ओतायला आता हंडाभर पाणी मिळालं होतं आणि तेही आयतं उकळतं. एक वाक्य घरी जाऊन बोलायचं. दोन घास खाता खाता बोलायचं. त्यानं टोपी खिशात घातली.

"बघू," तो म्हणाला.

*

संध्याकाळी त्यानं टोपी टेबलावर ठेवली.

सोल्रूननं ती उचलली, बोटांनी दाबली, उलटी केली. तिच्या नाकपुड्या फुगल्या.

"ही खोट होती," केतिल म्हणाला. "हवा जायची बंद झाली. आटलीय."

"आटली नाही. उकडलीय." तिनं वर पाहिलं. डोळे असे की कात्री बरी. "कुणी केलं हे?"

हाच तो क्षण. केतिलनं वाटभर त्याची तयारी केली होती. वाक्य जिभेवर होतं, नाव जिभेवर होतं. आणि त्याला दिसलं, आता काय होणार ते. ती कोट चढवणार. उल्फारच्या दारात जाणार. तिथं उभी राहून त्याला असं फैलावर घेणार की खिडक्या वाजतील. गाल लाल होतील, केसांची बट सुटेल. बोलून बोलून दमेल आणि मग तो कुरळ्या डोक्याचा बोकड मान खाली घालून म्हणेल, चुकलं. आणि ती हसेल. ती अशी चिडली की शेवटी हसायचीच. केतिलवर अशी ती किती वर्षांत चिडली नव्हती. त्याच्यावर हल्ली नळावरून बोलायची, बस.

क्लाइनूर गेले, टोपी गेली. हिचा रागसुद्धा उल्फारच्याच वाट्याला?

"मी," केतिल म्हणाला.

"तू?"

"गॅरेजात. तेल लागलं होतं. गरम पाण्याखाली धरली."

सोल्रून त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या हातांकडेही. मग तिनं टोपी टेबलावर आपटली आणि जी सुरू झाली, ती सुरू झाली.

"लोकर? गरम पाण्यात? अरे, तुझी आई सभ्य बाई होती. तिच्या पोटी हे कुठून आलं? लाटांची नक्षी होती ती, तीन वेळा उसवली मी. आणि मी विणलेला स्वेटर? तो कपाटात प्रेतासारखा गुंडाळून ठेवलायस. मला वाटलं आवडला नाही. म्हणून परत सुया हातात घेतल्या नाहीत तुझ्यासाठी. तो उल्फार बघ, वस्तू देताक्षणी चिखलात घातली त्यानं. वापरली. आणि तू? तुला जळायला वेळ आहे. मागायला तोंड नाही?"

"आवडला होता," केतिल म्हणाला.

"काय?"

"स्वेटर. म्हणून ठेवला."

"हे मला तू आज सांगतोस?"

बट सुटली होती. गाल लाल झाले होते. केतिल मान खाली घालून ऐकत होता आणि आतून त्याला असं ऊबदार वाटत होतं, जसं कुंडात उतरल्यावर पहिल्यांदा वाटतं. एकेक शब्द त्याचा होता. दुसऱ्या कुणाचा नव्हता.

"टोपी," तो म्हणाला.

"काय टोपी?"

"मला एक पाहिजे. डोक्याला." वाक्य फार जड निघत होतं, गंजलेल्या बोल्टासारखं. "मला वाटलं होतं, ती माझीच आहे."

सोल्रूनला हसू आलं. तिनं टेबलाला वळसा घातला, दोन्ही हात त्याच्या टकलावर ठेवले आणि माप घेतलं.

"मोठं आहे," ती म्हणाली. "लोकर बरीच लागेल."

कुंडात केतिलनं सांगितलं की टाकीचं झाकण गुदमरलं होतं, आता नवं घातलंय. ते खोटं नव्हतं. बाल्द्विनला अजून ऐकायचं होतं, पण केतिल वाफेत शिरला. उल्फार पलीकडच्या कडेला बसून त्याच्याकडे कुत्र्यासारखं कृतज्ञ बघत होता. ते केतिलला मुळीच आवडलं नाही.

पंधरवडा उलटला आणि उल्फार केस कापायला गेला. केतिल स्वयंपाकघरात कॉफी पीत होता. पुढच्या खोलीतून मशीनचा आवाज आला. नेहमी कात्रीचा यायचा. आवाज बराच वेळ चालला.

उल्फार गेल्यावर सोल्रून आत आली आणि झाडू घेतला.

"गॅरेजातला गरम पाण्याचा नळ दुरुस्त करून घे आता," ती सहज म्हणाली. "डिसेंबरपासून तुटलाय. पुढच्या वेळी खोटं बोलताना उपयोगी पडेल."

दुसऱ्या दिवशी केतिल कुंडावर पोचला तो डोक्यावर टोपी घालून. राखाडी, पांढरी, निळी आणि कडेला एक लाल धागा, जो टाकीच्या टोपीला नव्हता. त्यानं खात्री करून घेतली होती. टोपी काढून त्यानं ती सगळ्यांना दिसेल अशी खुंटीला लावली आणि पाण्यात उतरला. बाल्द्विननं टोपीकडे बघितलंच नाही. तो पलीकडे बघत होता. तिथं उल्फार बसला होता आणि त्याचं डोकं उकडलेल्या बटाट्यासारखं साफ होतं. दोन टकली समोरासमोर वाफाळत होती.

उल्फारचा हेवा वाटला नाही असा केतिलचा तो पहिलाच दिवस. म्हणजे थोडासा वाटला. त्याचे केस परत येणार होते.